समक्ष

मी हरिश्चंद्र बाबाजी कांबळी, वय त्रेसष्ट,
धंदा चाव्या बनवणे, राहणार घोडपदेव,
लिहिता-वाचता येते.
मी जिना चढत होतो तेव्हाच
हे त्यांनी लिहून टाकलं होतं.

दुसरा पंच खालचा इस्त्रीवाला रामसजीवन.
त्याची निखाऱ्याची इस्त्री तशीच फळीवर राहिलेली,
म्हणून तो सारखा दाराकडे बघत होता.

खोली दहा बाय बारा.
फणसेबाई काल सकाळी इथे सापडल्या,
मोरीच्या कट्ट्याला डोकं लागलेलं.
पडल्या की पाडल्या, ते अजून कागदावर आलेलं नाही.
फरशीवर खडूची रेघ,
रेघेच्या आत एक भांडं, उपडं.
पोरगेलासा शिपाई मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता,
भिंतीवरच्या कॅलेंडरातले दुधाचे खाडेसुद्धा.

पोटमाळ्यावर पत्र्याची पेटी. पेटीला कुलूप.
त्यासाठी मी.

"ती माझी आहे,"
गॅलरीतून मृणाल म्हणाली, बाईंची भाची,
"कोर्टाचा कागद आहे तुमच्याकडे?"
सगळा मजला गप्प.
कुणीतरी कुकरखालचा गॅस बंद केला.

उपनिरीक्षक उगले मॅडम म्हणाल्या,
"गुन्हा घडला त्या जागेला कागद लागत नाही."
"घडला तो खाली. मी वर झोपते."

हसू नका. मला ते पटलं.
चाळीस वर्षं मी हेच विचारत आलोय:
घर तुझं कशावरून? लाइटबिल दाखव.
नसलं, तर हत्यारं परत पिशवीत.
आणि खोली एक असली
तरी त्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर कुठेतरी
एकीचं घर संपून दुसरीचं सुरू होत असणारच.

मॅडम चिडल्या नाहीत.
तांदळाच्या डब्यावर पॅड ठेवून लिहायला बसल्या:
वॉरंट आणेपर्यंत पुरावा नाहीसा होण्याची शक्यता, सबब...
वीस मिनिटं. पेन दोनदा झटकलं.
मग म्हणाल्या, काका, उघडा.
त्यांचं दार कारण लिहिलं की उघडतं,
मला तार वाकवावी लागते.

पेटीत
बारावीची गुणपत्रिका,
केसांच्या पिना, डबीत,
एक साडी, किमतीची चिठ्ठीही न काढलेली,
आणि रुमालाच्या गाठीत पितळी चावी, नग एक.

शिपायाने ती दाराच्या लॅचला लावून बघितली. फिरली.
"पण चावी तर एकच होती," टिपणीसवहिनी म्हणाल्या,
"बाईंच्या कमरेला."
मॅडमनी लिहिलं: बनावट चावी.

मी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
चावीच्या मानेवर तिरका ओरखडा.
माझी कानस एका कडेला बोथट आहे,
ती अशीच चरते.

श्रावणात आली होती पोर.
साबणाच्या वडीत ठसा, वडी वर्तमानपत्रात.
"आठ वाजून गेले की मावशी दार नाही उघडत, काका.
कंपनीची बस कधीकधी नऊला येते."
आणि पायाला डास चावल्याचे फोड, गॅलरीत बसून बसून.
मी लाइटबिल मागितलं नाही.
ऐंशी सांगितले, साठ घेतले.

पंचनामा वाचून दाखवला. बरोबर आहे?
रामसजीवनने सही ठोकली नि पळाला इस्त्रीकडे.
पेन माझ्या हातात.
मृणाल माझ्याकडे बघत नव्हती.
इतकं कुणी कुणाकडे बघत नाही
असं मी कधी बघितलं नव्हतं.

"मॅडम," म्हटलं, "बनावट खोडा.
बनवलेली लिहा.
मी बनवलीय."

शिपायाने मोबाइल माझ्याकडे वळवला.
मॅडमनी नवीन पान घेतलं.

"आता माझी टपरी बघावी लागेल तुम्हाला," मी म्हणालो.
"कागद नका आणू.
तिला कुलूप नाही,
नुसतं गोणपाट आहे."